पाऊस नाही हो, दंव! तळ्या-नदीकाठी दोन वर्षं वापरलेल्या तंबूचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू "काल पार्सल आलं, उघडलं, एक नंबर आहे, पाच स्टार" टाइपचा नाहीये. तंबू घेऊन दोन वर्षं झाली, पंचवीसेक रात्री त्यात काढल्या आणि त्यातल्या तीन-चार सोडल्या तर सगळ्या पाण्याच्या काठी, कधी तळं, कधी नदी. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण एकतर हेच डिझाइन थोड्याफार फरकाने बऱ्याच कंपन्या विकतात आणि दुसरं म्हणजे मला जे सांगायचंय ते या प्रकारच्या सगळ्याच तंबूंना लागू आहे.

वस्तू काय आहे ते पटकन सांगून टाकतो. दोन माणसांचा, थ्री-सीझन (म्हणजे कडाक्याचा हिवाळा सोडून वापरायचा), डबल वॉलचा म्हणजे दोन थरांचा घुमटी तंबू. आत जाळीचा इनर, वरून फ्लाय म्हणजे पाऊस अडवणारं बाहेरचं कापड, दोन अॅल्युमिनियमचे पोल जे वर एकमेकांना छेद देतात. फ्लाय 20 डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉनचा, बाहेरून सिलिकॉन आणि आतून पीयू म्हणजे पॉलीयुरेथेनचं कोटिंग, 1500 मिमी. तळ 68 डेनियर, 3000 मिमी. पेग (जमिनीत ठोकायच्या खुंट्या) आणि दोऱ्यांसकट वजन 2 किलोच्या आत-बाहेर. एकच दार, एकच पडवी, मागच्या बाजूला वर एक छोटी खिडकी. बस.

आता घेताना मी काय बघितलं, तर हे मिमी! सगळेच ते बघतात. 1500 चांगला का 3000 चांगला, यावर मी दोन आठवडे डोकं खपवलं. तो आकडा म्हणजे काय तर कापड ताणून बसवतात, त्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि कापडातून तीन ठिकाणी थेंब दिसले की तेव्हा पाण्याची उंची किती होती ते लिहितात. 1500 म्हणजे दीड मीटर पाण्याचा स्तंभ. पडणाऱ्या पावसाचा एवढा दाब कुठून येणार, फ्लायला तेवढं पुष्कळ झालं. तळाची गोष्ट वेगळी, कारण तळावर आपण असतो. समजा सत्तर किलोचा माणूस एका गुडघ्यावर निम्मा भार टाकून रांगतोय, 35 किलो, जागा 50 चौरस सेंटीमीटर धरली तर हिशोब करा, 7 मीटर पाण्याइतका दाब होतो. म्हणजे चिखलात तंबू लावून आत गुडघे टेकले तर 3000 चा तळही ओल धरणार, आणि धरतोच, मी बघितलंय. त्याला उपाय खालचा ग्राउंडशीट, त्यावर पुढे येतो.

तर पाऊस. पावसात हा तंबू दोन वर्षांत एकदाही गळला नाही. रात्रभर झोडपून काढलं तरी शिवणी कोरड्या. त्या बाबतीत पूर्ण मार्क.

आणि तरीही पहिल्याच रात्री मी ओला झालो होतो, आकाशात ढगाचा तुकडा नसताना!

झालं असं की तळ्याच्या अगदी काठाला, म्हणजे पाण्यापासून दहा पावलांवर, मऊ गवत बघून तंबू लावला. संध्याकाळ काय सुंदर, पाण्यावर एक सुरकुती नाही, वरती चांदणं. फोटो काढले, दार बंद केलं, मागची खिडकी पण बंद केली (थंडी वाजत होती ना), झोपलो. पहाटे चारला तोंडावर थेंब. मला वाटलं पाऊस. टॉर्च लावून बघतो तर फ्लायच्या आतल्या बाजूला नुसते मोती, हात लावला की ओघळ, आणि पायाकडचा भाग इनरला चिकटलेला आणि स्लीपिंग बॅगचं टोक चिंब. मी सकाळी उठून कंपनीला शिव्या दिल्या, तंबू गळका निघाला म्हणून. मेल पण लिहून तयार होता. नशीब पाठवला नाही.

कारण तंबू गळत नव्हता, तंबूत वाफ गार होत होती. हे नंतर नीट समजून घेतलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. 20 अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, 10 अंशाला साधारण 9. म्हणजे संध्याकाळची दमट हवा रात्री गार झाली की जास्तीची वाफ कुठेतरी बसणारच. त्यात तळ्याकाठची हवा आधीच वाफेने भरलेली. त्यात आपण दोघं आत श्वास सोडतोय, रात्रभरात एक-दोन पेले पाणी तरी माणूस श्वासातून आणि कातडीतून हवेत सोडतो. आणि त्यात फ्लाय! उघड्या निरभ्र आकाशाखाली कापड स्वतःची उष्णता आकाशाकडे फेकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. गाडीच्या टपावर दंव पडतं ना, तसंच. म्हणजे तुम्ही एक गार झाकण घेऊन वाफेच्या भांड्यावर ठेवलंय आणि आत जाऊन झोपलात.

एवढ्यावर थांबत नाही ते. नायलॉन पाणी पितं. ओलं झालं की सैल पडतं, लांबतं. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला फ्लाय मध्यरात्री दंव खाऊन लोंबायला लागतो, लोंबला की इनरला टेकतो, टेकला की आतलं पाणी इनरमधून थेट तुमच्या बॅगेवर. माझे पाय भिजले ते असे. पॉलिएस्टरचा फ्लाय फारच कमी सैल पडतो कारण तो पाणी जवळजवळ शोषतच नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पाण्याकाठच्या वापरासाठी मी डोळे झाकून पॉलिएस्टर घेतला असता, थोडा जड आला तरी. माझी या तंबूबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच. बॉक्सवर मिमी मोठ्ठ्या अक्षरात छापलेत पण ओला झाल्यावर कापड किती लोंबेल हे कुठे अवाक्षराने नाही.

यावर मी केलेला उपाय साधा आहे, झोपायच्या आधी एकदा बाहेर येऊन सगळे दोर परत ताणायचे. आळस येतो, बॅगेत शिरल्यावर तर फारच येतो, पण दोन मिनिटांचं काम आहे. पायाकडच्या बाजूला मधोमध एक लूप आहे, त्याला दोर आलाच नव्हता सोबत, तो मी माझा बांधला. तिथून फ्लाय बाहेर ओढला की इनर आणि फ्लाय यांच्यात चार बोटं जागा राहते. कंपनीने एक दोर वाचवला आणि गिऱ्हाइकाचे पाय भिजवले, काय म्हणायचं याला.

खिडकीबद्दल पण बोलायचंय. मागची ती टीचभर खिडकी, आधार द्यायला छोटीशी काडी, वेल्क्रोने टिकते. एकटी खिडकी उघडी ठेवून काही उपयोग होत नाही, हवा आत यायला खालून वाट पाहिजे आणि बाहेर जायला वरून. म्हणून मी आता दाराचा फ्लाय वरून वीतभर उघडा ठेवतो, खालून पण जमिनीपासून थोडा वर, आणि खिडकी कायम उघडी. थंडी वाजते का? वाजते. पण कोरडी थंडी परवडली, ओली नको. बॅगेत पिसं असतील तर ती भिजली की गोळा होऊन बसतात आणि मग तापमानाचा काहीही रेटिंग असो, उपयोग शून्य.

आणि दिशा. इथे एक गंमत आहे. सगळे जण दार पाण्याकडे करतात, सकाळी उघडलं की तळं समोर, फोटोसाठी. मीही तेच करायचो. पण मोठ्या तळ्यावर दिवसा वारा पाण्याकडून जमिनीकडे येतो आणि रात्री जमीन लवकर गार झाली की उलटा, जमिनीकडून पाण्याकडे. शिवाय चढावरून गार हवा हळूहळू खाली घरंगळत येते. त्यामुळे दार पाण्याकडे ठेवलं तरी चालतं, फक्त मागची खिडकी चढाकडे यायला पाहिजे, मग रात्रीची झुळूक खिडकीतून आत शिरून दारातून बाहेर पडते. माझ्या तंबूत दार आणि खिडकी बरोबर समोरासमोर आहेत, ही गोष्ट डिझाइन करणाऱ्याने विचारपूर्वक केली का चुकून झाली देव जाणे, पण मस्त काम करते. यासाठी एक मार्क वाढवून देतो.

पण खरं सांगू का, या सगळ्यापेक्षा जागा बदलल्याने जास्त फरक पडला. ती घरंगळणारी गार हवा जाऊन साचते कुठे, तर सगळ्यात खालच्या खोलगटात, म्हणजे बरोबर जिथे आपल्याला ते मऊ गवत दिसतं तिथे. सकाळी उठून बघा, धुकं तळ्यावर आणि काठावर कमरेइतकं साचलेलं असतं आणि जरा वर चढलं की स्वच्छ. आम्ही एकदा मुद्दाम बघितलं, भावाचाही अगदी असाच तंबू आहे, त्याचा खाली काठावर आणि माझा पाच-सहा मीटर उंचावर झाडाखाली. सकाळी त्याचा फ्लाय पिळून पाणी निघालं (खरंच पिळला) आणि माझा हाताला जेमतेम दमट. झाडाच्या फांद्या वर असल्या की फ्लाय आणि आकाश यांच्यात आडोसा येतो, कापड तेवढं गार पडत नाही. फक्त वाळकी फांदी डोक्यावर नाही ना एवढं बघायचं, आणि पाऊस थांबल्यावरही झाड तासभर टपटपत राहतं ते सहन करायचं.

लीव्ह नो ट्रेसवाले (निसर्गात भटका पण मागे खूण ठेवू नका, असं शिकवणारे) सांगतात की तळ्या-ओढ्यापासून 200 फूट, म्हणजे साधारण 60 मीटर, लांब मुक्काम करा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं मग पाण्याकाठी जायचं कशाला. त्यांचं कारण वेगळं आहे, काठाची माती-झुडपं तुडवली जाऊ नयेत, जनावरांना रात्री पाण्यावर यायची वाट मोकळी राहावी, आपला साबण-खरकटं पाण्यात जाऊ नये (साबण "नैसर्गिक" लिहिलेला असला तरी तोही तेवढ्याच लांब वापरायचा). पण आपला स्वार्थ बघितला तरी हे अंतर फायद्याचंच निघतं, कोरडं अंथरूण आणि डासही कमी.

डासांवरून आठवलं, इनरची जाळी बारीक आहे, डास नाही येत. पण ते टाचणीच्या टोकाएवढे चावरे किडे असतात ना काठाला, ते एका तळ्यावर आत आले. जाळीतून आले का दार उघडं असताना आले सांगता येत नाही, कारण माझा मित्र बूट काढताना दार सताड उघडं टाकून आत दिवा लावून बसलेला. त्याला काय बोलणार.

नदीचं प्रकरण निराळं. तळं निदान जागच्या जागी असतं. नदीकाठी वाळूचा पट्टा दिसला की मोह होतोच, सपाट, मऊ, गवत नाही, किडे नाहीत. आम्ही तिघं होतो, दोन तंबू, वाळूवर लावले. आकाश स्वच्छ. रात्री दोनला नदीचा आवाज बदलला. वाढला असं नाही म्हणता येणार, उलट खळखळ कमी झाली, कारण जे दगड पाण्याबाहेर होते ते बुडाले होते! वर कुठेतरी पाऊस झाला असणार, आमच्याकडे थेंब नाही. तंबू तसाच्या तसा, आतल्या सामानासकट उचलून आम्ही वर नेला, आणि इथे या तंबूचं कौतुक केलं पाहिजे, पोलवर स्वतःचा स्वतः उभा राहणारा असल्यामुळे पेग उपटले की पालखीसारखा उचलता येतो. दोघं दोन बाजूंनी धरून अंधारात चढावर. दुसरा तंबू दोरांवर उभा राहणारा होता, तो आधी कोसळला मग गोळा करावा लागला. सकाळी आमच्या जागेवर घोट्याएवढं पाणी होतं. जास्त नाही, पण झोपेत पुरेसं.

नंतर त्याच काठाला हिंडलो तर झुडपांच्या फांद्यांत छातीच्या उंचीवर वाळलेला पालापाचोळा आणि काटक्या अडकलेल्या दिसल्या. म्हणजे मागचा पूर तिथपर्यंत आलेला, नदीने स्वतः लिहून ठेवलेलं, वाचायला आम्हीच विसरलो. वर धरण असेल तर अजून वाईट, ते पाणी कधी सोडतील याचा आकाशाकडे बघून अंदाज येत नाही, आधी चौकशी करायची.

पेग. सोबत आलेले पेग सुईसारखे गोल, बारीक, अॅल्युमिनियमचे, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. कडक मातीत वाकतात, वाळूत लोण्यातून सुरी निघावी तसे निघतात. पहिल्याच सहलीत दोन वाकले. मी वाय आकाराचे घेतले, मातीत घट्ट बसतात. वाळूत तेही नाही टिकत, तिथे पिशवीत वाळू भरायची, दोर बांधायचा आणि पिशवी वीत-दीड वीत खोल पुरायची, मग कितीही वारा येऊ दे. गोट्यांच्या काठावर पेग घुसतच नाही, तिथे दोराच्या फासात एक काटकी आडवी घालून तिच्यासमोर मोठा धोंडा ठेवायचा. दोर थेट धोंड्याला गुंडाळू नका, घासून तुटतो.

आणि एक चूक जी मी केली ती तुम्ही करू नका. तंबू उभा झाला, आत काही ठेवलं नाही, पेग मारले नाहीत आणि मी पेगची पिशवी आणायला वळलो. उघड्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही नसतं. तंबू उलटा होऊन तळ्याकडे निघाला, गडगडत, आणि मी मागे. पाण्यात दोन फूट गेल्यावर सापडला. आता वाऱ्याकडचे दोन कोपरे आधी ठोकतो, पोल नंतर. त्या गडबडीत एका पोलचा तुकडा जरा वाकला पण फायबरग्लास असता तर चिरफळ्या झाल्या असत्या. सोबत दुरुस्तीची छोटी नळी येते, ती वाकलेल्या जागी सरकवली आणि टेप मारली, अजून तशीच चालू आहे.

"दोन माणसांचा" यावर हसायला येतं. आतली लांबी 210, रुंदी डोक्याकडे 130 आणि पायाकडे 110. साध्या 51 सेंमीच्या दोन मॅट बसतात. आम्ही 64 च्या रुंद घेतल्या होत्या, दोन मिळून 128, म्हणजे डोक्याकडे बसल्या आणि पायाकडे एकावर एक. रात्रभर एकाचे पाय वर एकाचे खाली. आणि अशा चिकटून झोपण्यात बाजूचा माणूस इनरला टेकतो, म्हणजे परत ओल. एकट्याला सामानासकट राजेशाही, दोघांना ठीक, तेही दोघांचं एकमेकांशी पटत असेल तर. एकच दार आहे त्यामुळे आतल्या बाजूचा माणूस रात्री उठला की बाहेरच्याला तुडवून जाणार हे गृहीत धरा.

पडवी लहान आहे, दोन बॅगा आणि दोन जोड बूट. पाऊस लागला की तिथे स्टोव्ह पेटवायचा मोह होतो, नका करू. कापड पेट घेतं हे एक, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो ज्याला वास नसतो, कळतही नाही.

ग्राउंडशीट वेगळी घ्यावी लागते, सोबत येत नाही. मी पैसे वाचवायला प्लास्टिकचा तुकडा कापला, सगळ्या बाजूंनी चार बोटं बाहेर राहील असा, म्हटलं तेवढाच चिखल कमी. मूर्खपणा! फ्लायवरून ओघळणारं पाणी त्या बाहेर आलेल्या कडेवर पडलं आणि आरामात तंबूखाली जाऊन साचलं. तंबूखाली डबकं, वर आम्ही. शीट तळापेक्षा थोडी लहानच पाहिजे, कड बाहेर दिसता कामा नये.

चेन हा या तंबूचा कच्चा दुवा. दीड वर्षात दाराची चेन मागून उघडायला लागली, म्हणजे स्लायडर पुढे जातो आणि मागे दात सुटलेले. वाळूमुळे स्लायडर आतून झिजतो. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की वापरामुळे झालेली झीज वॉरंटीत नाही. अरे, तंबूची चेन वापरायची नाही तर काय करायची? पक्कडीने स्लायडरच्या दोन्ही बाजू हलक्या हाताने दाबल्या, सध्या चालतंय. आता प्रत्येक मुक्कामानंतर जुन्या टूथब्रशने चेन झाडतो, हे पहिल्या दिवसापासून केलं असतं तर अजून टिकली असती हे कबूल.

वाळवण्याबद्दल जरा जास्तच बोलतो कारण यातच माणसं तंबू मारतात. पाण्याकाठी सकाळी तंबू ओलाच असतो, निघायची घाई असते, ओलाच गुंडाळून पिशवीत कोंबतो, घरी येऊन कोपऱ्यात टाकतो. चार दिवसांनी उघडा, कुबट वास. चार महिन्यांनी उघडा तर काळे ठिपके आणि आतलं पीयू कोटिंग चिकट झालेलं. ओलीमुळे ते कोटिंगच फुटत जातं, मग वास असा येतो की कुणी ओकलंय असं वाटावं, आणि त्याला इलाज नाही, तंबू गेला. मित्राचा गेला. माझा अजून ठणठणीत आहे कारण घरी आलो की आंघोळीच्या आधी तंबू दोरीवर. उन्हात नाही, सावलीत, उन्हाने नायलॉन कुजतं. आणि ठेवताना त्याच्या घट्ट पिशवीत नाही, मोठ्या सुती पिशवीत सैल.

मार्क द्यायचेच तर पावसाला दहापैकी नऊ, वाऱ्याला आठ (पेग बदलल्यावर), हवा खेळण्याला सात, दंवाच्या रात्रीला पाच आणि चेनला तीन. उघड्यावर, कोरड्या जागी जाणाऱ्याने बिनधास्त घ्यावा. माझ्यासारखं कायम पाण्याकाठी पडायचं असेल तर याच आकारात पॉलिएस्टर फ्लाय, दोन दारं आणि वर दोन खिडक्या असलेला शोधा, मिमीचा आकडा कमी असला तरी.

हां, एक राहिलंच, सोबत येणारी पिशवी. दुकानात कोरडा तंबू जेमतेम बसेल एवढीच शिवलेली. दंव खाल्लेला फ्लाय त्यात पहाटे गारठलेल्या बोटांनी कोंबून बघा एकदा. मी फ्लाय आता वेगळ्या पिशवीत, बॅगेच्या बाहेर लटकवून आणतो, चालता चालता अर्धा वाळतो पण.